दिल्लीची गोष्ट सभासदांनाच

तुळसाबाईला दिल्लीला पाठवायचं कुणाच्याच मनात नव्हतं. ज्यांनी पाठवलं त्यांच्या तर मुळीच नव्हतं. पाठवणारे म्हणजे माझे सासरे, उकंडराव. त्यामुळे ही सगळी हकीकत मला आमच्या घराच्या आतून पाहायला मिळाली, आणि सासरी नवीन असल्यामुळे हसू पदराआड दाबून पाहावी लागली.

आमचं गाव जांभूळखेड. आसेगावहून मंगरूळपीरच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला फाटा फुटतो, त्या फाट्याने आत. नाल्याच्या अलीकडे गाव आणि पलीकडे बंजाऱ्यांचा तांडा. गावात शेतकऱ्यांची सहकारी सोसायटी निघाली तेव्हा मामंजी तिचे चेअरमन झाले, कारण सभा आमच्याच ओसरीवर भरली होती आणि ओसरीवर लोड आमचेच होते. सभासद बहुतेक आमच्या भावकीतले. परका म्हणावा असा सभासद एकच, आणि ती तुळसाबाई.

ती सभासद कशी झाली तेही सांगते. तुळसाबाई आईबापाची एकुलती एक. बापाने वावर तिच्या नावावर केलं आणि अनसिंगकडचा इंद्रभान नावाचा शांत मुलगा घरजावई करून आणला. इंद्रभान माणसांपेक्षा बैलांशी जास्त बोलायचा. सोसायटीत यायचं तर जमीन नावावर पाहिजे, आणि ती त्याच्या नव्हती. म्हणून शेअर तुळसाबाईने घेतला आणि सभेलाही तीच यायला लागली. उंबऱ्याजवळ पाय पसरून बसायची आणि सभेचं काम संपत आलं, सगळे चहाच्या वाटेकडे डोळे लावून बसले, की विचारायची, "पाटील, एक इचारू का?"

मामंजींचा चहा तिथेच निवायचा.

सोसायटीने एक लोखंडी नांगर आणला होता, सगळ्या सभासदांनी पाळीपाळीने वापरावा म्हणून. तो आला त्या दिवशी त्याला हळदकुंकू लावून आमच्या गोठ्यात ठेवला आणि तिथेच राहिला. तुळसाबाईने एका सभेत विचारलं, "पाटील, तो नांगर नव्या नवरीवानी काहून लाजून राह्यला? गोठ्यातून बाहीरच येत नाही." सगळी सभा हसली. मामंजी म्हणाले, "त्याचा एक नट ढिला हाय." पुढच्या सभेत तिने नटाची तब्येत विचारली. त्याच्या पुढच्या सभेतही विचारली.

अठ्ठावन्न साली चैत्रात मंगरूळपीरहून सोसायट्यांचा सुपरवायझर आला. त्याने सांगितलं की देशभरच्या सोसायट्यांचा मिळून दिल्लीत एक राष्ट्रीय संघ आहे, त्याचं मोठं अधिवेशन भरणार आहे, आणि जिल्ह्यातून जे प्रतिनिधी जायचे त्यात एक जण आपल्या गावचा घ्यायचं ठरलं आहे. जाण्यायेण्याची सोय जिल्ह्याकडून. मामंजींना ही बातमी आधीच लागली होती. त्यांनी मंगरूळपीरहून काळा कोट शिवून आणला होता आणि पत्र्याच्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगात "उकंडराव, जांभूळखेड" असं ठळक लिहून घेतलं होतं. पण आपणच आपलं नाव सुचवणं बरं दिसत नाही. पंगतीत जसं "आधी तुम्ही, आधी तुम्ही" करून मग सगळ्यांत आधी आपणच बसतात, तसं त्यांना करायचं होतं. ज्याला मान दिला त्याने नाही म्हणावं, सगळ्यांनी आपल्याला आग्रह करावा, आणि मग आपण नाइलाजाने जावं.

नाही म्हणायला त्यांनी जे माणूस निवडलं, तिथे गणित चुकलं.

"माझं म्हननं," मामंजी लोडावर सरकत म्हणाले, "मान पयले बाईमानसाले द्यावा. आपल्या सोसायटीत एकच बाई हाय. तुळसाबाईनं दिल्लीले जावं."

ओसरी हसली. सुपरवायझरही हसला. मामंजींनी दोन्ही हात वर करून हसणं थांबवलं आणि पुढचं वाक्य बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात उंबऱ्याकडून तुळसाबाईचा आवाज आला.

"जातो. कवा निंगाचं?"

हसणं बंद झालं. मामंजी म्हणाले, "अवं, दिल्ली म्हंजे मंगरूळपीर नोहे. दोन दोन गाड्या बदला लागतात."

"बदलीन."

"इंद्रभानले इचारलं पायजे."

"त्यायले काय इचारता? त्यायचा काय शेअर हाय?"

सुपरवायझरने तिचं नाव घेतलं आणि चहाही घेतला. त्या दिवशी मामंजींनी कोट खुंटीवरून काढून पेटीत ठेवला. ट्रंक मात्र राहिली नाही. दुसऱ्या दिवशी मामंजी शेतात गेल्याचं पाहून तुळसाबाई आमच्याकडे आली आणि माझ्या सासूबाई रंगूबाई यांना म्हणाली, "तुमची ट्रंक अशीबी रिकामीच पडून हाय. आमच्या घरी नुसती गाठोडी. दिल्लीले गाठोडं घेऊन गेली त गावचं नाव खराब होईन." गावचं नाव म्हटल्यावर सासूबाईंना नाही म्हणता येईना. मामंजी संध्याकाळी घरी आले तेव्हा ट्रंकेच्या जागेवर मांजर निजलं होतं.

आता सोबत कोण, हा प्रश्न होता. इंद्रभानला बैल सोडून निघवेना. तुळसाबाई नाला ओलांडून तांड्यात गेली आणि कमलीबाईला घेऊन आली. दोघींची मैत्री कापूस वेचताना जडलेली. कमलीबाई रस्त्याच्या कामावर भुसावळपर्यंत जाऊन आलेली होती. "भुसावळपावतर रस्ता मले माईत हाय," ती म्हणाली, "मोरं लोकायले इचारत जाऊ. लोक तं सगळीकडंच असतात." तिचं तिकीट तुळसाबाईने आपल्या कापसाच्या पैशातून काढलं. ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, असं बांधून दोघी आसेगावहून अकोल्याच्या मोटारीत बसल्या. ट्रंक टपावर होती. गावाने निरोप दिला तो मामंजींच्या नावाला.

दिल्लीत काय झालं ते मला पुढे दोन तोंडांनी ऐकायला मिळालं. दोन्ही तोंडांतलं जिथे जुळलं, तेवढंच इथे लिहिते.

स्टेशनावर उतरल्यावर त्यांनी एका शिपायाला विचारलं, सभा कुठे आहे. त्याने हात केला त्या दिशेला चालत गेल्या तर खरोखरच मोठा मंडप, फुलांची कमान आणि आत हजारावर माणसं. दारातल्या मुलाने अदबीने नमस्कार करून ट्रंकेवरचं नाव वाचलं, बिल्ल्यावर लिहिलं आणि तो तुळसाबाईच्या लुगड्याला टाचला. ती दिल्लीत उकंडराव झाली. कमलीबाईचा आरशांचा घागरा आणि हातभर बांगड्या बघून कोणी मोठी पाहुणी समजून तिला बिल्ल्याशिवायच आत घेतलं आणि पहिल्या रांगेत बसवलं.

दिवसभर भाषणं झाली. दुपारी पुरी, आलूची भाजी आणि बुंदी. भाषणांत कफ, वात, पित्त असे शब्द सारखे येत होते. तुळसाबाईला वाटलं, दिल्लीच्या सोसायट्या याच मालाचा व्यवहार करत असतील. दुपारनंतर पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ पहिल्या रांगेकडे आले, कमलीबाईचा हात हातात घेऊन डोळे मिटून बसले आणि मग दुसऱ्या दोघांना बोलावून त्यांनाही तिची नाडी दाखवली. तिघांत वाद लागला. एकाने कसलासा काढा आणवून तिला पाजला. कमलीबाईने तोंड वाकडं करून विचारलं, "तुळसाबाय, सभासद होयाले हे प्या लागते का?"

"पी," तुळसाबाई म्हणाली. "पाटलाले काय माईत, त्यायनं पेलाच नसन. म्हनून नांगर सोडून नाई राह्यले."

तो वैद्यांचा मेळावा होता. हे त्यांना कळलं दुसऱ्या दिवशी सकाळी, रात्र स्टेशनावर काढून पुन्हा सभेला जायला टांग्यात बसल्यावर. टांगेवाला प्रेमसिंग, लाहोरकडून फाळणीत इकडे आलेला, पिकल्या दाढीचा आणि गप्पिष्ट. त्याने बिल्ला पाहिला, ट्रंक पाहिली, आणि कुठल्या जलशाला आलात म्हणून विचारलं. सोसायटीच्या, असं सांगितल्यावर तो इतका हसला की घोडा आपोआप थांबला. "बहनजी," तो म्हणाला, "कल आप दवाईवालों की रोटी खा आईं. चलिये, सही जगह ले चलता हूँ. मुझे भी वहीं जाना है."

तुळसाबाईने विचारलं, तुला काय काम तिकडे? तर प्रेमसिंग टांगेवाल्यांच्या सोसायटीचा सभासद निघाला. लाहोरला त्यांची एक सोसायटी होती, ती तिकडेच राहिली, माणसंही पांगली. दिल्लीत आल्यावर जे भेटले त्यांनी नव्याने बांधली. घोड्याचा चारा एकत्र घेतात, नाल एकाच लोहाराकडून मारून घेतात. त्याने मंडपाबाहेर घोडा झाडाला बांधला, फेटा नीट केला आणि दोघींना घेऊन आत जाऊन बसला.

व्यासपीठावर एक म्हातारे गृहस्थ संघाची जन्मकथा सांगत होते. इंग्रजांच्या अमलात वेगवेगळ्या प्रांतांतली काही मंडळी एकत्र जमली. कुणाची विणकरांची संस्था, कुणाची दूधवाल्यांची, कुणाची शेतकऱ्यांची. भाषा एकमेकांना धड कळत नव्हत्या. पण प्रत्येकाचं दुखणं सारखंच, की सरकार दरबारी आपलं एकट्याचं कोणी ऐकत नाही. तेव्हा त्यांनी ठरवलं, माणसांनी जशी संस्था केली तशी आता संस्थांनी मिळून संस्था करावी. सुरुवातीला तिला ना इमारत ना शिपाई. चिटणीस ज्या गावाला बदलून जाई, तिथे संघाचा पत्ता जाई. मग स्वातंत्र्य आलं, देशाचे दोन तुकडे झाले, सभासदांतले कितीतरी पलीकडे गेले. संघ मात्र मोडला नाही.

प्रेमसिंग हे सगळं हळू आवाजात सोप्या हिंदीत सांगत होता. तुळसाबाईला एवढं कळलं की गावची सोसायटी तालुक्याला बांधलेली, तालुक्याची जिल्ह्याला, जिल्ह्याची राज्याला आणि राज्याची इथे. ती कमलीबाईला म्हणाली, "हे तं सासूच्या वर सासू झालं. आपल्यावर मंगरूळपीरची सासू, तिच्यावर अकोल्याची. नागपूरची होती ते आत्ता दोन साल झाले बदलून मुंबईची आली. अन् हे सगळ्यायची बुढी सासू."

"मंग ह्या बुढीले खायाले कोन घालते?" कमलीबाईने विचारलं.

प्रेमसिंगला हे समजावून सांगितल्यावर तो म्हणाला, "खिलाती बहुएँ हैं. और मालकिन भी बहुएँ हैं."

ही व्यवस्था तुळसाबाईला फार आवडली. पुढे गावी आल्यावर तिने ती मला मुद्दाम दोनदा सांगितली, सासूबाई ऐकत असताना.

मग व्यासपीठावरून एकेका गावच्या प्रतिनिधीला दोन शब्द बोलायला बोलावू लागले. दारात इथेही ट्रंकेवरचंच नाव उतरवून घेतलं होतं. "श्री उकंडराव, जांभूळखेड" असा पुकारा झाला. तुळसाबाई उठली, आणि सगळा मंडप पाहायला वळला. आमच्या ओसरीवर जिचं तोंड कधी मिटलं नाही, तिने पदर दोनदा सावरला. वर जाऊन ती म्हणाली, "आमच्या गावात एक नांगर हाय." पुढचं काही आठवेना. तिने पाणी मागितलं, ते प्याली आणि खाली आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण तोवरच्या भाषणांत हेच सगळ्यांत आटोपशीर होतं.

तिच्यानंतरचा वक्ता म्हणाला की सहकारी संस्थेचं दार सगळ्यांसाठी उघडं असलं पाहिजे. जो नियम पाळेल, त्याला आत घ्यायलाच हवं. जात बघून, घराणं बघून कुणाला अडवता येत नाही. प्रेमसिंगने तेही सांगितलं.

कमलीबाईने बांगड्या मागे सारल्या. मग म्हणाली, "तुळसाबाय, गुलाबसिंग दोनदा आलता तुमच्या सोसायटीत. आमच्या तांड्यात वावरं हायत. मंग त्याले काहून नाही घेतलं?"

गुलाबसिंग तांड्याचा नाईक, कमलीबाईचा दीर. दोन्ही वेळा मामंजींनी त्याला सांगितलं होतं, "तुमचं बिऱ्हाड फिरतं. चार महिने कामाले बाहीर जाता. सभासद गावात पायजे." दोन्ही वेळा तुळसाबाई उंबऱ्याजवळच बसलेली होती. नांगराबद्दल इतकं विचारणाऱ्या बाईने याबद्दल एक अक्षर विचारलं नव्हतं. तिला ते सुचलंच नव्हतं. दिल्लीच्या त्या मंडपातली पुढची भाषणं तिने ऐकली नाहीत.

परतीच्या वाटेवर भुसावळला गाडी बदलून बसल्यावर ती कमलीबाईला म्हणाली, "कमले, दिल्लीची गोठ कोनाले सांगू नोको."

"माय वं. मंग गेली कायले होती मी?"

"थोडे दिवस. अर्धी गोठ तू धरून ठेव, अर्धी मी. वैद्यायचं, काढ्याचं अन् परेमसिंगाचं तुह्यापाशी. बाकीचं माह्यापाशी. इचारलं तरी मले पूरी माईत नाही म्हनाचं."

आसेगावहून चालत त्या आल्या तेव्हा फाट्यावर निम्मं गाव उभं होतं. दिल्ली कशी आहे, मोठे लोक दिसले का, तिकडे बाया कशा राहतात, भाकरी मिळते का. तुळसाबाईने ट्रंक खाली ठेवली, घाम पुसला आणि सगळ्यांकडे पाहून म्हणाली, "सांगाले काई हरकत नाही. पन दिल्लीचा कायदा हाय. गोठ सभासदालेच सांगा लागते, अन् तेबी सभेत."

असा कुठलाच कायदा नव्हता. पण दिल्लीला जाऊन आलेलं दुसरं कोणी नव्हतं, तेव्हा खोटं ठरवणार कोण.

गावातल्या बायांची जी अवस्था झाली ती मी विहिरीवर रोज पाहत होते. कुणी तुळसाबाईला भाजी नेऊन दिली, कुणी तिची तूर दळून दिली. ती सगळं घ्यायची आणि "सभेत या" म्हणायची. सगळ्यांत हाल इंद्रभानचे झाले असतील असं मला वाटलं होतं, कारण तो घरातलाच बिगरसभासद. पण उलटंच झालं. त्याने एकदाही काही विचारलं नाही. तुळसाबाई स्वयंपाक करता करता नुसतं "तिकडचे टांगे" एवढं म्हणून थांबायची, तो ऐकतोय का ते पाहायची, आणि तो ताटावरून उठून बैलांना पाणी पाजायला जायचा. गोष्ट दाबून दाबून तिचं पोट फुगलं, पण कायदा तिचाच होता.

आमच्या घरी सासूबाईंनी जाहीर केलं, "मले सभासद व्हाचं हाय."

"तुले काय करा लागते?" मामंजी म्हणाले. "मी हावो ना."

"तुमी सभेत झोपता. गोठ कोन ऐकन?"

मामंजींनी नकार दिला. सासूबाईंनी भांडण केलं नाही. ताट वाढायच्या, पाणी ठेवायच्या, अंथरूण घालायच्या, पण एक शब्द बोलायच्या नाहीत. इतक्या वर्षांच्या संसारात मामंजी त्यांच्या बोलण्यावर कुरकुरत जेवत आले होते. ते बोलणं बंद झाल्यावर त्यांना घास गिळवेना. मला म्हणायचे, "सूनबाई, तुमच्या सासूची तब्येत बरी हाय ना?" मी म्हणायची, "हो, छान आहे." शेवटी त्यांनी सासूबाईंच्या माहेरचा जमिनीचा तुकडा काढून, त्यांच्या नावावर शेअर घेतला. चेअरमनच्या घरातूनच बाई सभासद झाल्यावर दुसरीला नाही कसं म्हणणार? ज्यांच्या नावावर वावराचा कोपरा होता त्यांनी तो शोधून काढला. नव्हता त्यांनी नवऱ्यामागे लागून करून घेतला. मीही त्यात होते.

तेव्हा तुळसाबाईने विहिरीवर हळूच सांगितलं की आपल्यापाशी गोष्ट अर्धीच आहे. उरलेली कमलीबाईपाशी, आणि तीच जास्त हसण्यासारखी आहे.

"मंग बलाव ना तिले," सासूबाई म्हणाल्या.

"ते सभासद कुठं हाय? गुलाबसिंगाले तुमच्याच पाटलानं दोनदा वापस धाडलं. त्यायचं बिऱ्हाड फिरतं म्हने."

सासूबाईंनी भरलेली घागर तशीच ठेवली. "मले पूरी गोठ पायजे," त्या म्हणाल्या.

त्याच दिवशी उन्हं कलताना तुळसाबाईच्या निरोपावरून गुलाबसिंग तांड्यातल्या माणसांना आणि बायांना घेऊन आमच्या ओसरीवर आला. लाल फेटा, हातात काठी, बोलणं मोजकं. मामंजींनी नेहमीचं कारण पुढे केलं.

"पाटील," गुलाबसिंग म्हणाला, "आमी चार महिने बाहीर जातो हे खरं. पन आमचं वावर तं कुठी जात नाही. ते इथंच राह्यते."

तेवढ्यात आतून सासूबाईंचा आवाज आला. त्यांनी बाहेर न येता, दाराआडूनच म्हटलं, "घेता का मी पुन्हा मुकी होऊ?"

मामंजींनी गुलाबसिंगाला बसायला लोड दिला. चेहरा कडू होता, पण दिला.

सभा आमच्या ओसरीवर मावेना, म्हणून शाळेच्या पटांगणात झाली. एका बाजूला गाव, एका बाजूला तांडा, मध्ये पाऊलवाटेएवढी जागा. मामंजी काळा कोट घालून आले होते, वैशाखाचं ऊन असूनही. तुळसाबाई उभी राहिली आणि दिल्ली सुरू झाली. ती रंगवून सांगत होती. आगगाडी तिने दुप्पट लांब केली, मंडप चौपट. आपण घंटाभर भाषण ठोकलं आणि मोठमोठ्या लोकांच्या डोळ्यांतून पाणी आलं, असं ती म्हणाली तेव्हा कमलीबाई बसल्या जागेवरून शांतपणे म्हणाली, "पानी डोयातून नाही आलं. तिनं मांगतलं, अन् पिऊन खाली बसली."

सगळं पटांगण हसून कोसळलं. तुळसाबाईही हसून हसून खाली बसली. मग कमलीबाईने वैद्यांचा मेळावा सांगितला, तीन म्हाताऱ्यांनी धरलेली नाडी करून दाखवली, काढा पितानाचं तोंड केलं. सासूबाईंना ठसका लागला आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवायला शेजारची बाई पुढे झाली ती तांड्यातली सुंदरबाई होती. मधली पाऊलवाट कधी बुजली ते मला समजलं नाही.

कमलीबाई टांगेवाल्यापर्यंत आली आणि तुळसाबाईने हात वर करून तिला थांबवलं. "बाकीची गोठ मंग. आधी सभेचं काम. नवी कमिटी निवडाची हाय, अन् नांगराचं ठरवाचं हाय."

आरडाओरडा झाला, पण टांगेवाला अडकून पडला होता, तेव्हा सगळ्यांनी भराभर हात वर केले. कमिटीवर गुलाबसिंग आला, कमलीबाई आली, तुळसाबाई आली. नांगर सगळ्यांना पाळीने द्यावा का, यावर भावकीचे हात खाली राहिले आणि दोन्ही बाजू अगदी सारख्या झाल्या. सासूबाईंनी एकदा मामंजींकडे पाहिलं आणि हात वर केला. "त्याच्यावर अडकून अडकून माह्या पायाचे नख गेले," त्या म्हणाल्या, जणू एवढंच कारण होतं.

चेअरमन कोण, हे विचारल्यावर सगळे तुळसाबाईकडे पाहू लागले. ती म्हणाली, "पाटीलच राहू द्या. कोट त्यायच्यापाशीच हाय."

मामंजी त्या रात्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी नांगर गोठ्यातून निघाला आणि नाला ओलांडून गुलाबसिंगाच्या वावरात गेला. मामंजी काही कारण काढून तिकडे गेले. परत आले तेव्हा धोतर मातीने भरलं होतं. "त्यायले फाळ बसवता येत नव्हता," ते म्हणाले, "दाखवून आलो." पुढे नांगर जिथे जाई तिथे ते जात. कुणी तो न धुता परत केला तर त्याच्या दारात उभे राहून बोलत. सोसायटीत त्यांचा वेळ पूर्वीपेक्षा जास्त जाऊ लागला आणि घरी थोडं कमी चिडत. वर्षभराने मंगरूळपीरचा सुपरवायझर आला आणि एवढे सभासद एकदम कसे वाढले म्हणून विचारू लागला, तेव्हा मामंजींनी सांगितलं, "आमी सहकाराचा परचार केला." गुलाबसिंगाने मान डोलावली. कमलीबाई घागऱ्यातल्या आरशात पाहू लागली.

तुळसाबाईचं मात्र मन सभेत रमेना. सगळं सुरळीत चालू लागलं, बियाणं वेळेवर येऊ लागलं, विचारायला काही उरलं नाही. ती उंबऱ्याजवळ बसून जांभया द्यायची. मग तिने दुसरं काम काढलं. मंगरूळपीरची मोटार आमच्या फाट्यावर थांबत नसे, आसेगावला उतरून चालत यावं लागे. तिने आणि कमलीबाईने मोटार यायच्या वेळेला फाट्यावर रस्त्याच्या मधोमध म्हशी बसवायला सुरुवात केली. ड्रायव्हर भोंगा वाजवायचा, म्हशी उठायच्या नाहीत, आणि तेवढ्यात गावातली माणसं आत चढून बसायची. ड्रायव्हरने तक्रार केली. पाहणी करायला एक साहेब आला, त्याला तुळसाबाईने ताक पाजलं आणि म्हशींची नावं सांगितली. एकोणसाठच्या दिवाळीनंतर फाट्यावर रीतसर थांबा झाला.

पहिल्या दिवशी मोटार आपण होऊन थांबली तेव्हा तुळसाबाईला कुठेच जायचं नव्हतं. तरी ती चढली. आम्ही रस्त्याच्या कडेला उभ्या होतो. खिडकीजवळची जागा धरून तिने आमच्याकडे ओळख नसल्यासारखं पाहिलं, आसेगावपर्यंत गेली, आणि येताना चालत आली.